कोपराच्या उंचीवर

मॉडेलमध्ये रात्र होत नाही.
कुठूनही आत शिरा, उजेड आधीच आलेला असतो,
सावल्यासुद्धा मागितल्या तरच पडतात.
अशा जागेत मी दिव्यांची बटणं बसवते आहे,
मालवणात, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
देवबागच्या वादळ-निवाऱ्यासाठी. चोवीस.

स्विचला भिंत लागते.
भिंतीवर कर्सर नेला की तो आपसूक चिकटतो,
भिंत सरकवली की मुकाट मागून येतो.
आणि भिंत पुसली तर
तिथेच हवेत राहतो, जमिनीपासून बाराशे मिलिमीटरवर,
कशाचाही नसलेला.
काल असे तीन सापडले जिन्यापाशी.
मी ते लगेच पुसले नाहीत. आधी चहा प्यायले.

इनास फर्नांडिस नकाशा उलटा धरून वाचतो.
पस्तीस वर्षं वायरी सोललेली बोटं
समुद्राकडच्या भिंतीवर टेकवून म्हणाला,
"हय नको. ही भिंत पावसात घामता.
चार म्हयन्यात खारो वारो स्क्रू खाऊन टाकतलो."
मग जरा थांबून,
"आणि वादळात लाईट खंय रवता, बाय?
पयलो खांबच आडवो."

म्हणून एक स्विच बॅटरीवरचा. लाल. मुख्य दाराशी.
बाकीचे तेवीस चांगल्या दिवसांचे:
लसीकरण, बचतगटाची सभा, मतदान,
कुणाच्या तरी साखरपुड्याची पंगत.
हा एकच त्या रात्रीचा.

मी डोळे मिटून खुर्चीतून उठले,
हात पुढे केला, तो जिथे गेला तिथे टेप धरली.
बाराशे दहा. पुस्तकाशी जुळलं.
शेजारच्या टेबलावरचा ऋत्विज हसला.
मीही हसले, बरोबर आल्यासारखी.

शनिवारी देवबागला, चुन्याची फक्की मारून झाल्यावर,
सुकी मासळी उलटत बसलेल्या शेवंती तांडेलना विचारलं,
काळोखात आत आलात तर
कुठला हात भिंतीकडे जाईल?
त्या बघत राहिल्या,
फार शिकलेल्या माणसाकडे बघावं तशा.
"हात खंय मोकळे असतत गो?
एका काखेत पोर, दुसऱ्या हातात तांदळाचो डबो.
आणि वारो दार ढकलता.
पयली पाठ लावूक व्हयी दाराक.
बाकीचा सगळा मगे."

आणि उठून दाखवलं त्यांनी.
फक्कीच्या रेघेवर, नसलेल्या दाराला पाठ लावून,
टाचा वाळूत रोवून उभ्या राहिल्या.
खवल्यांनी चमकणारं कोपर जरासं बाजूला नेलं,
तिथे हवाच होती,
पलीकडे खाडी, अलीकडे समुद्र, दोन्ही गप्प.
मी टेप धरली. नऊशे ऐंशी. कडीच्या बाजूला.

आज तो स्विच खाली घेतला.
रुंद पट्टीचा शोधला, कोपराने दाबता येईल असा,
दाराच्या चौकटीपासून वीतभर.
तपासणी लावली तर पिवळा त्रिकोण उमटला:
उंची ठरलेल्या मापापेक्षा कमी. कारण लिहा.
चौकटीत जागा थोडकीच.
मी लिहिलं, हात मोकळे नसतात.
पुसलं. सरकारी काम आहे, फाईल ओरोसला जाईल,
कुणी साहेब चष्मा वर करून वाचेल.
परत तेच लिहिलं.

खाली बँकेचं शटर पडलं.
बाकीचे तेवीस उद्या.
त्यातला एक अजून दारामागे आहे.