अंगावर काढलेलं

सूप मांडीवर असलं की ओटीपोट झाकलं जातं.
म्हणून कुणाला दिसलं नाही
सहा महिने मी वाकून बसत होते ते.
विड्या वाकूनच वळतात.
घरकुलाच्या आमच्या ओळीत
सगळ्याच बायकांची कंबर धरते,
माझी वेगळी धरते
हे मलाच उशिरा कळलं.

सासू म्हणाली, कडुपु नोप्पी.
समोरची गौरव्वा म्हणाली, होट्टे नोवू.
मी म्हणाले, पोट दुखतंय.
सोलापुरात तीन भाषांत पोट दुखतं.
पोटाच्या खाली आलं
की तिन्ही भाषा पदर ओढून घेतात.

अंगावरून जायचं. वास यायचा.
परकर मी पहाटे चारला धुवायचे
आणि दोरीवर साडीच्या आत वाळवायचे,
उन्हालासुद्धा दिसू नये म्हणून.
दिवेलागणीला बारीक ताप.
रातपाळी नसली की अंबादास जवळ यायचा,
आत सुरी फिरायची,
मी त्याच्या खांद्यावरून
कॅलेंडरातल्या तारखा मोजायचे.

आमच्याकडे कौतुकानं म्हणतात,
बाईनं सगळं अंगावर काढलं.
काढलं कुठं?
अंगातच ठेवलं.

सिव्हिलला तांबोळी मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं,
एक पिशवी, तिला दोन नळ्या.
"विडीहून बारीक असतात गं.
जंतू खालून वर चढतात, आवाज करत नाहीत.
ओल लागलेली विडी ओढली जाते का?
तशी नळी चिकटते.
मग गर्भ राहत नाही, नाहीतर नळीतच राहतो,
आणि ते जिवावर बेततं."

कुठून आलं, मी विचारलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"बहुतेकदा नवराबायकोच्या संबंधातून.
कधी बाळंतपणानंतर, कधी पिशवी धुतल्यावर.
दोष कुणाचा ते नंतर भांडा.
गोळ्या दोघांनी घ्यायच्या, चौदा दिवस, सगळ्या.
तोवर लांब झोपा. पुढं निरोध वापरा.
आणि आतून साबणानं धुऊ नकोस,
त्यानं स्वच्छ होत नाही, बिघडतं."

अंबादास म्हणाला, मला काय धाड झालीय?
टॉवेलच्या मागावर सूत तुटलं
की लगेच माग थांबवणारा माणूस.
त्याचं पाकीट देव्हाऱ्यामागं पडून राहिलं.
चौथ्या दिवशी माझा ताप उतरला,
मीही थांबले.
उरलेल्या गोळ्या चुनाळ्यात ठेवल्या, पुढच्या दुखण्याला.

पुढचं दुखणं आलं.
त्याच्या पुढचंही.

कारखान्यात चेकर जुडी सोडतो,
बोटानं दाबून बघतो,
नको ती विडी छाट म्हणून फेकतो.
तिसऱ्या वर्षी सोनोग्राफीच्या अंधारात
मॅडम हळू बोलल्या,
उजवी बंद. डावीचं सांगता येत नाही.
मी उठून परकराची नाडी बांधली.
गाठ बसेना.

आता शेजारी अनुषा आलीय, म्याकलांची सून,
वीस वर्षांची, हात एवढा चपळ
की पान कातरताना कात्री दिसत नाही.
परवा हात मध्येच थांबला.
सूप पोटाशी घट्ट ओढलं तिनं.

मी तेलुगूत विचारलं. मग मराठीत.
मग भाषा सोडून दिली
आणि बोट ठेवून विचारलं,
इथं? वास येतो? तो आला की दुखतं?
गौरव्वानं तंबाखूकडं मान वळवली,
पण उठून गेली नाही.

अनुषा रडली नाही.
फक्त म्हणाली, अक्का, आज हजार व्हायचेत.
म्हटलं, उद्या हजार कर. आधी रिक्षात बस.

आता रोज संध्याकाळी मी तिच्या दारात जाते,
पाकिटातले फोडलेले कप्पे बघते,
जुडी मोजावी तशी.
नवऱ्याचंही पाकीट दाखवायला लावते.
तो लाजतो, पोरगेलासाच आहे,
मोबाइल बघत पुढं करतो.
लाजू दे.

आज नववा दिवस.
दोघांचेही नऊ.