तार

धुळ्याच्या एमआयडीसीत आमची लॅब.
खिडकीबाहेर मक्याचे ट्रक, आत मी
आणि दाटपणा मोजणारं यंत्र:
भांड्यात दांडा फिरतो,
खळीनं त्याला किती अडवलं
तेवढा आकडा पडद्यावर.

सोमवारी पुण्याहून कौलगुड आले, खरेदीतले.
म्हणाले, मॅडम, बाजार फिरलाय.
लोक पाकीट उलटं करून वाचायला लागलेत.
'मॉडिफाइड' हा शब्द आता कुणाला नको,
ई पुढचे चार आकडे तर नकोच नकोत.
काहीतरी घरचं वाटेल असं लिहा.
पण सॉस तसाच उतरला पाहिजे बाटलीतून,
आणि बारा महिने पाणी सुटता कामा नये.

चहा तसाच ठेवून गेले. त्यावर साय धरली.

मग आठवडाभर नमुने.
ग्वार गम परवा चढला, काल उतरला, आज फोन लागत नाही.
टॅपिओका बंदरात अडकलाय.
रावेरहून फेगडेंनी कच्च्या केळीचं पीठ पाठवलं,
ट्रकमध्ये न चढलेल्या घडांचं,
राखाडी, जिभेला जरा तुरट.
निंबा अहिररावनं चमचा चाटून तोंड केलं
आणि फॉर्मवर लिहिलं: चार.

फॉर्म इंग्रजीत आहे. माउथफील, एक ते नऊ.
मी समासात पेन्सिलनं लिहीत जाते
पिठूळ, बुळबुळीत, गिचका,
हा दुसरा रवाळ, पण चांगला रवाळ,
बासुंदीचा, मीठ न विरघळल्याचा नव्हे;
आणि हा लिबलिबीत, ह्याला उणे तीन द्यायला
जागा नाही.
मग खोडरबर. मग सहा.

रविवारी शिंदखेड्याला गल्लीत
रमकोरबाई बैसाणेंची कुरडई चाललेली.
सत्तर किलो गव्हाची ऑर्डर, नाशिकची, सुरतेची.
तीन दिवस भिजवून आंबवलेला गहू,
दळून, गाळून, रात्रभर बसवलेला,
वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी
पांढरा, गप्प चीक.
पहाटे चारला चुलीवर पातेलं, आणि तिचा हात
माझ्या दांड्यासारखाच गोल,
फक्त ह्याला खांदा आहे.

केव्हा झालं कसं कळतं, मावशी?
तिनं उलथनं वर धरलं.
"तार उनी का उतार."
आणि नाही आली तर?
"मंग हलाव."

मी डबाभर कच्चा चीक मागून घेतला. हसली ती.
सोमवारी तो शिजवून यंत्राखाली.
आकडा झरझर चढला, निंबा खुर्चीतून उठला,
मग टोमॅटोचा आंबटपणा घातला,
ढवळणं वाढवलं, गरम ठेवलं,
आणि तो खचत गेला, कुणी नाव घेऊन
हाक मारणं सोडून द्यावं तसा.
फ्रिजमध्ये तिसऱ्या दिवशी
कडेनं पाणी. स्वच्छ, चमचाभर.
कौलगुडांना कळवलं: नापास.

लिहिता लिहिता थांबले मात्र.
तिच्या कुरड्या दोन दोन वर्षं राहतात पिंपात.
बारा महिन्यांची गोष्ट काय सांगता.
पण त्या पाणी धरून नाही राहत.
पहाटे सोऱ्यातून पडल्या की
दुपारपर्यंत गच्चीवरच्या धोतरावर
सगळं पाणी देऊन मोकळ्या.
वैशाखाचं ऊन, बेचाळीस, त्रेचाळीस,
ते कुठल्या रकान्यात भरायचं?

रिपोर्टमध्ये शिफारस: केळी आणि मका, तीस-सत्तर,
पुन्हा चाचणी, दर तपासून.
कौलगुडांचं उत्तर आलं, एकच ओळ:
केळी हा शब्द छान आहे, मोठ्या अक्षरात घेऊ.

संध्याकाळी हात धुताना
बोटांच्या बेचक्यात चीक वाळलेला दिसला.
ओढला तर निघेना.
नखानं टोक सोडवलं, तर अख्खा निघाला,
पातळ, पारदर्शक,
माझ्या कातडीच्या रेघा त्यावर उमटलेल्या.
उजेडात धरला थोडा वेळ.
नऊ, म्हटलं.
मग जिभेवर ठेवला.