अकरा जणांसाठी

मार्चमध्ये गाणं टेपवर घेतलं
सोरखा मुलकेरीनच्या स्वयंपाकघरात.
किटली उकळत होती, तीही टेपवर आली आहे,
मधेच कुत्र्यानं दार खरवडलं, तेही.
चार कडवी. बुडालेली एक होडी, तीन भाऊ,
आणि किनाऱ्यावर एक मुलगी;
ती तिघांतल्या नेमकी कुणाची
हे गाणं सांगत नाही.

गॉलवेला परतून
पाच रेघांवर तिला बसवायला गेलो.
बसेना.
तिचा गंधार कोमल नाही, शुद्धही नाही,
ओहोटीनंतरच्या वाळूत
पाणी उरलंय की नाही
हे फक्त तळपायाला कळतं, तिथला आहे तो.
पियानोच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबून पाहिल्या.
खालच्या लोकलन शिंप्यानं
छताला काठी ठोकली.

श्वास प्रत्येक कडव्यात वेगळ्याच जागी.
फोन करून विचारलं, नेमका कुठं घेता?
म्हणाली, जिथं लागतो तिथं.

तरी लिहिलं.
चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो,
ओबो, हॉर्न, हार्प.
डबल बास परवडत नव्हता.
पहिल्या कडव्याखाली धुकं पसरलं,
दुसऱ्यात हार्पच्या लाटा, तिसऱ्यात हॉर्नची हाक.
(आता लाज वाटते. तेव्हा
रात्री दोन वाजता मी स्वतःशीच टाळी वाजवली होती.)

स्पिडलच्या शाळेतला हॉल, जूनची संध्याकाळ,
भिंतीवर बास्केटबॉलची रिंग.
फियाक्रानं काठी उचलली.
सोरखा निघाली, आम्ही मागोमाग,
आणि दुसऱ्या कडव्याच्या दाराशी आम्ही पोचलो
तोवर ती केव्हाच आत जाऊन बसलेली.
पुन्हा. पुन्हा.
चौथ्यांदा ती गायचीच थांबली.
रागावली नव्हती. उजवा हात जरासा पुढे करून
काहीतरी हरवल्यासारखी
इकडेतिकडे बघत होती.

हात कुणी धरायचा? तिनं विचारलं.
घरी बार्ट्ली धरायचा.
बार्ट्ली, तिचा भाऊ, मे महिन्यात गेला.

तेव्हा मला आठवली
टेपवरची खुर्चीची करकर.
गाण्याच्या पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत
एकसारखी, संथ,
आणि मी ती दोष म्हणून
मशीनवर घासून पुसून काढली होती.

दुसरी व्हायोला वाजवणारी डर्व्हला क्विल,
सगळ्यांत गप्प, सगळ्यांत उशिरा येणारी,
तिनं धनुष्य ठेवलं खुर्चीखाली,
खुर्ची ओढत नेली फरशीवरून,
आणि तो हात घेतला आपल्या हातात.
दोन्ही हात मिळून हळूहळू फिरू लागले,
कुणी लोकर गुंडाळावी तसे.
सोरखानं डोळे मिटले.
तिसऱ्या भावाचं नाव तिनं
इतकं लांब ताणलं
की हॉर्नवाल्यानं हॉर्न मांडीवर ठेवलं.

घरी येऊन रबर घेतला.
धुकं गेलं. हार्पची तीन पानं गेली.
हॉर्नला एकच हाक ठेवली, तीही दारामागून.
चेलोंना एक लांब स्वर दिला,
पायाखाली जमीन असते तेवढाच.
दुसऱ्या व्हायोलाची ओळ पहिल्या मात्रेपासून खोडली
आणि त्या कोऱ्या रेघांवर लिहिलं: हात.

राहिला शेवट.
शेवटची ओळ ती गात नाही, बोलते.
त्यांच्याकडची रीतच आहे ती.
सूर सोडून एकदम घरच्या आवाजात,
दूध संपलंय म्हणून सांगावं
तसं सांगते की होडी सापडली नाही.
तिथं सगळ्यांना विराम लिहिला.

फियाक्रा म्हणाला, किती मात्रांचा?
काठी खाली कधी आणू?
मी म्हटलं, डर्व्हला हात सोडेल तेव्हा.

त्या रात्री तरी तिनं सोडला नाही.
रखवालदार किल्ल्या घेऊन दारात येऊन थांबला,
त्यानं टोपी काढली,
मग दिवे न मालवताच
बाहेर जाऊन सिगारेट पेटवली.