तोटा

द्रव नायट्रोजन आमच्याकडे भिलवडीहून यायचा,
म्हशींच्या रेतन केंद्रातून,
एसटीच्या शेवटच्या बाकावर
सातगोंडा मगदूम यांच्या मांडीत बसून,
झाकणाच्या फटीतून वाफ सोडत.
कंडक्टर त्या कॅनचंही अर्धं तिकीट फाडायचा.

विश्रामबागेत कॉलेजच्या तळघरात
पंप दोन दोन दिवस हवा उपसायचा.
मग तापल्या तारेवरच्या टिकलीतून
पोटॅशियमचे आयन सुटायचे
आणि समोर आरगॉन. राजवायू.
कुणाचं घेणं नाही, कुणाला देणं नाही.

दोघांकडे अठराच इलेक्ट्रॉन.
एक जन्मतःच भरलेला.
दुसऱ्याने एकोणिसावा देऊन टाकला, तेव्हा भरला.
मी हे फळ्यावर लिहिलं तर
मगदूम डस्टर झटकत म्हणाले,
"म्हणजे हक्कसोड केली म्हणा की."
नांद्र्याचं सव्वा एकर
त्यांनी त्याच साली भावाला लिहून दिलं होतं.
"सही केली अन् पोट भरल्यागत झालं बघा, मॅडम."

मी नाही सांगितलं त्यांना
की आयनावर एक अधिक चिन्ह उरतं.
कवचं भरतात. ओढ जात नाही.

टक्कर अगदी थोडा वेळ असते.
तेवढ्यात दोघांचा उंबरा एक होतो,
कुठलं घर कुणाचं, इलेक्ट्रॉनला कळत नाही,
आणि परतताना वाटा दोन:
सांगलीवाडीहून यायला आयर्विन पूल, नाहीतर बायपासचा.
आपण एक धरतो.
तो दोन्हींवरून येतो
आणि अलीकडच्या काठावर स्वतःलाच गाठतो,
कधी दुप्पट होतो, कधी पुसला जातो.
आमच्या आलेखावरच्या लाटा म्हणजे तेवढंच.

मग एखादा आरगॉन उजळतो.
तो उजेड कुणाला दिसत नाही,
काच अडवते, हवा पिऊन टाकते.
मोजणीयंत्र टक् करतं, बस्स.
म्हणून आम्ही आयनालाच विचारतो,
निघालास कधी, पोचलास कधी?
जेवढा मंदावला, तेवढं वाटेत कुणाला तरी दिलं.

फेब्रुवारीतला मंगळवार, हळद काढायचे दिवस.
मगदूम चाळीस मिनिटं उशिरा आले.
कॅनमध्ये दांडी बुडवली: अर्धं बोट कमी.
चपलांना ओली माती,
उजव्या हाताची नखं पिवळी.
"गाडी पंक्चर झाली," म्हणाले.
मी वहीत वेळ लिहिली,
नायट्रोजनची पातळी लिहिली.
शेरा लिहिला नाही.

बेसिनवर त्यांनी कपड्याचा साबण हाताला लावला.
पिवळं होतं ते लालभडक झालं,
आणि ते हाताकडे बघत राहिले,
फेस तसाच, नळ बंद.
मग पाणी सोडलं.
पुन्हा पिवळं.