अडतीस

नारिनच्या दवाखान्यात जुमागुल आली
ऐन ऑगस्टात, मेंढीच्या कातड्याचा कोट घालून.
भुवयांची टोकं विरळ, आवाज घोगरा;
नळीत रक्तसुद्धा सावकाश उतरलं तिचं.

कागद आला : टीएसएच अडतीस.
"एवढं जास्त? म्हणजे ग्रंथी जोरात चाललीय ना?"
मी म्हटलं, उलट.
पण उलट म्हणजे काय, ते मला धड सांगता येईना.

तीच मग बोलली, खिडकीकडे बघत :
"नवरा पलीकडच्या उतारावरून कुत्र्याला हाक मारतो.
एरवी नुसती शीळ पुरायची.
कुत्रा बहिरा झाला त्या वर्षी
हाकांनी आमच्या तंबूचे दोर थरथरायचे."

कागदावर बोट ठेवलं.
"तुम्ही ओरडणं मोजलंत.
कुत्र्याचं काय?"

मी खालची ओळ दाखवली.
टी-फोर, पाच. बारा तरी हवा होता.

गोळी उपाशीपोटी, चहाआधी अर्धा तास.
चहाआधी, हेच तिला जड गेलं.

ऑक्टोबरात पुन्हा नळी भरली. नऊ.
बाहेर बर्फ; कोट तिनं खुर्चीवर टाकलेला.
"अजून ओरडतोय," ती म्हणाली,
"पण आता शिव्या नाहीत."