हजेरी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, नेब्रास्का.
मका कापून झालेला, शेतांत नुसते खुंट,
आणि वारा असा की चर्चचं दार
दोघांनी मिळून ओढावं लागतं.

पाळक म्हणाले,
"ज्यांनी गणवेश घातला होता त्यांनी उभं राहावं."
ऑर्व्हिल उठला, काठीवर सगळा भार देऊन.
डेल उठला, कोटाची एक गुंडी नसलेला.
स्वोबोडा भावांपैकी उरलेला एक उठला
आणि सवयीनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून घेतलं त्यानं.
टाळ्या झाल्या.
मी ऑर्गनवर, पुढच्या स्तोत्राचं पान शोधत.

तिसऱ्या बाकावर व्हर्ना बसूनच होती.

चाळीस वर्षं वेदीचं कापड तीच धुते.
द्राक्षारसाचा डाग कसा काढायचा
ते या गावात तिलाच ठाऊक:
गार पाणी, मीठ, आणि घाई नाही.
कुठे शिकलात, मी एकदा विचारलं होतं.
"प्लेकूला," म्हणाली, "लष्कराच्या इस्पितळात.
तिथे तो द्राक्षारस नव्हता."
आणि इस्त्री पुढे सरकवली.

स्वोबोडाची नात, आठ वर्षांची, पुढच्या बाकावरून वळली:
"तुम्ही का नाही उठलात?"
"मी बंदूक नव्हती गं धरली."
"मग काय धरलं होतं?"

रेडिएटर तेवढा ठणठणत होता.

"हात," व्हर्ना म्हणाली.

मग उठली. बाकाला धरून,
गुडघ्यांची समजूत घालत.
टाळी कुणी वाजवली नाही. वाजवावीशी वाटेना.
पाळकांनी हातातला कागद घडी करून ठेवला
आणि म्हणाले, "प्रार्थना तुम्हीच करा."

तिनं डोळे मिटले नाहीत.
"रॉस्को," म्हणाली. "टेरन्स. लहानखुरा पीट.
तो, ज्याच्या नाकावर तीळ सांडल्यासारखे ठिपके होते.
तो, जो सारखा किती वाजले विचारायचा.
तो, जो मला आई म्हणाला,
आणि मी हो म्हणाले. मी तेवीस वर्षांची होते.
खोटं बोलले, प्रभू, ते पदरात घे.
सगळ्यांची नावं नाही आठवत आता.
तुला आठवतात.
हजेरी तू घे."

आमेन म्हणायला आम्हाला वेळ लागला.

प्रभुभोजनाच्या वेळी ती वेदीपाशी आली,
ओंजळ पुढे केली,
आणि भाकरीचा तो एवढासा तुकडा
तिनं असा झेलला
की जणू त्याला दुखेल.
माझा एक सूर चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर तळघरात कॉफी, भोपळ्याचा पाय,
डेलच्या ट्रॅक्टरची तीच जुनी गोष्ट.
मी वर गेलो दिवे मालवायला
तर मागच्या खोलीत नळ चालू.
व्हर्ना, बाह्या सारलेल्या,
गार पाण्यात कापड.

आभाराचं वाक्य मी जिन्यातच जुळवलं होतं.
तिथे ते काही कामाचं नव्हतं.
फळीवरची मिठाची बरणी काढली,
झाकण घट्ट बसलं होतं तिचं,
ते उघडून दिलं.