दीड सेकंद

परत येऊन एकवीस दिवस झाले.
धनकवडीत चैत्र एकोणचाळीस अंशांवर उभा आहे
आणि मी अजून अंघोळीचं पाणी मगाने मोजतो.
पाच. सहाव्याला हात थांबतो.
तिकडे बर्फ वितळवायची पाळी मंगळवारी माझी असायची.

वृंदा विचारते, "चहा घेणारेस?"
आणि मी थांबतो.
उपग्रहावरून आवाज पोचायला दीड सेकंद लागायचा.
चौदा महिने आम्ही त्या फटीत संसार केला:
तिचं हसू माझ्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळायचं,
माझं "बरा आहे" तिच्या "ऐकू येतंय का"खाली चेंगरायचं,
मग दोघंही गप्प,
दोघंही एकदमच बोलायला लागायचो.
आता ती ओट्याशी, मी दाराशी, मध्ये चार फरशा.
तरी मी थांबतो.
ती समजते, याला चहा नकोय.

लोक विचारतात, थंडी किती होती?
उणे बेचाळीस म्हटलं की खूश होतात.
खालच्या मजल्यावरच्या गुर्जरकाकांनी
आकडा डायरीत लिहून घेतला.
पेंग्विन पाहिलेत? पाहिले. दोन.
एकटं वाटलं का, हे कुणी विचारत नाही.
तेवीस माणसं होतो. एकटं कसं वाटेल?

मे महिन्यात सूर्य मावळला तो मावळलाच.
जूनमध्ये डॉक्टर सैकिया आणि मी
अकरा दिवस बोललो नाही, एका चमच्यावरून.
चमचा माझा होता.
आजही सांगतो, माझाच होता.
थंगराज जनरेटरशी तमिळमध्ये बोलायचा,
आम्ही हसायचो. मग एका रात्री जनरेटर खोकला
आणि आम्ही सगळे त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो,
आरतीला उभं राहतात तसे, हात जोडायचे तेवढे बाकी.

बिष्टने ओल्या कापसावर मेथी उगवली होती.
तीन इंच.
कुणी खाल्ली नाही. येऊन वास घेऊन जायचो,
रांगेत, न बोलता.
परवा तीन हत्ती चौकात पाटीसमोर उभा राहिलो,
वीस रुपयांना जुडी, जुड्यांवर जुड्या,
इतका हिरवा रंग एका जागी, उघड्यावर, राखण नाही.
मावशी म्हणाल्या, "घ्यायचीय का नुसती बघायचीय?"

मी हवामानवाला. रोज एक फुगा सोडायचो,
पोटाखाली डबीएवढं यंत्र बांधून.
अंधारात तो चार हातांवर दिसेनासा व्हायचा,
पण आकडे येत राहायचे: दाब, आर्द्रता, वारा.
वर कुठेतरी फुटायचा.
फुटेपर्यंत पाठवायचा.
घरी मीही तेवढंच कळवलं बहुतेक.
"जेवलो. वारा चाळीस नॉट. निहारचा पेपर कसा गेला?"

फुग्याच्या शेडपर्यंत दोर बांधलेला होता.
वादळात दिसत काही नाही, आपलाच हात दिसत नाही;
हात दोरावर, एवढंच.
सुटला तर माणूस दहा पावलांत हरवतो.

काल रात्री दोनला लाइट गेली.
पंखा थांबला.
त्या शांततेत मी कधी उठलो कळलं नाही,
बूट शोधत, थंगराजला हाका मारत,
दार, भिंत, पुन्हा दार,
आणि गॅलरीत हाताला दोरी लागली.
घट्ट धरली.
तिच्यावर वृंदाचा गाऊन, निहारचे शाळेचे मोजे.
खाली कुत्री. कात्रजच्या चढावर एक ट्रक.
कुणीही मरणार नव्हतं.
अख्खी धनकवडी घामात निवांत घोरत होती.

वृंदा मागे येऊन उभी राहिली.
"काय झालं?"
मी थांबलो.
या वेळी तीही थांबली,
दीड सेकंद, कदाचित जास्त. मी मोजलं नाही.
मग म्हणालो, "ऐकू येतंय."

लाइट पावणेपाचला आली.
तोवर मोजे वाळून कडक झाले होते.